नाल्याच्या वाटेवरचा आड

पळसटोल्याच्या लोकांनी डांबरी सडकेसाठी वीस वर्षं अर्ज केले, दोन आमदार पालथे घातले, एकदा मतदानावर बहिष्कारही टाकला. अखेर सडक झाली. आणि ती झाल्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात चंद्रपूरहून माणसं येऊन विचारू लागली, की डांबर नसलेली वाट कुठं आहे? याला काय म्हणावं! बिरजूच्या चहाटपरीवर या प्रश्नावर दोन दिवस हसणं चाललं. "आपन मुरूम तुडवून मेलो, अन् याइले मुरूमच पायजे," बिरजू म्हणायचा आणि चहा ओतता ओतता सांडायचा.

ही माणसं म्हणजे पायल बोरकर आणि तिचा सायकलवाला गट. पायल चंद्रपूरला कॉलेजात भूगोल शिकवायची. वय पस्तिशीचं, बोलणं मोकळं, सायकल मात्र अशी की गावातल्या म्हाताऱ्यांनी हात लावून पाहिली: जाड खडबडीत टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, ना कॅरिअर ना मडगार्ड. जानेवारीतल्या एका रविवारी चाळीस जणांनी पहाटेच नागभीडच्या स्टेशनवरून निघायचं, घोडाझरीचं पाणी उजवीकडे ठेवत नहराच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायचं, मग जंगलातल्या मुरमाच्या वाटांनी पाच तलाव गाठत वैनगंगेकाठी वडशाला पोचायचं, असा तिचा बेत होता. सत्तर किलोमीटर, आणि त्यात डांबर जितकं कमी तितकं चांगलं.

वडशाला एकदा तिची सायकल पंक्चर झाली. पंक्चर काढणारा हेमराज निघाला पळसटोल्याचा. तो म्हणाला, "वाट पायजे तं माह्या बापाले विचारा. तीस वर्स त्यानं याच जंगलातून सायकलवर मासोळ्या नेल्या."

म्हणून पायल गोविंदाकडं आली.

गोविंदा पचारे जातीनं ढीवर, वय एकसष्ट. उजाडायच्या आत तलावावर जायचं, जाळं ओढायचं, टोपला कॅरिअरवर बांधून त्यावर ओलं पोतं टाकायचं आणि आठाच्या आत वडशाचा बाजार गाठायचा, यात त्याचं आयुष्य गेलं. मुरूम कुठं टणक आहे, रेती कुठं चाक गिळते, कोणत्या नाल्यात दिवाळीनंतरही गुडघाभर पाणी असतं, हे त्याच्या पायांना पाठ होतं. पायलनं मोबाइलवर जंगलाचं वरून काढलेलं चित्र दाखवलं, तेव्हा त्याला हसू आलं. वरून पाहिलं तर सगळं जंगल मेथीच्या जुडीसारखं दिसत होतं. पण एकदा तलाव ओळखू आले आणि त्याला हुरूप चढला. हा अमका तलाव, ही तमकी लहानशी बोडी, इथून पाळीवरून जा, इथं मोहाच्या खालून उतरा. म्हातारा बोट नाचवत सांगत होता आणि पायल रेघ ओढत होती.

पळसटोल्याच्या पुढं चार किलोमीटरवर बोट थांबलं.

"इथून डांबरी पकडा," तो म्हणाला.

"पण काका, इथं तर दोन वाटा दिसतात. एक टेकडीवरून आणि एक नाल्याकाठून. नाल्याची तर किती छान दिसते, सगळी सावलीच!"

"नाल्याची बंद हाय."

"आणि टेकडीची?"

गोविंदाला पटकन खोटं सुचलं नाही. ती वाट चांगली चालू होती, आणि टपरीवरच्या दहा जणांना ते ठाऊक होतं. "गोटाड हाय," तो पुटपुटला.

"गोटेच पाहिजेत आम्हांला," पायल हसून म्हणाली, आणि तिनं टेकडीवरून रेघ ओढली.

डिसेंबरात ते वाट तपासायला निघाले. पुढं गोविंदा आपल्या जुन्या काळ्या सायकलवर, मागं पायल. तलावांवर परदेशी बदकं उतरली होती, पाळीवरचं गवत पिवळं पडलं होतं, आणि सागाची मोठी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. पायल प्रत्येक वळणावर "वा!" म्हणत होती. तीस वर्षं त्या वाटेनं जाऊन गोविंदानं एकदाही "वा" म्हटलं नव्हतं. त्या वेळी टोपल्यातल्या मासोळ्या ताज्या राहतील की नाही एवढाच घोर असायचा. आज रिकाम्या कॅरिअरनं जाताना त्यालाही वाटलं, आपलं रान चांगलं आहे. मग उतार लागला आणि त्याचा जीव आखडला.

त्या फाट्याची जागाच तशी होती. आधी दीडशे पावलांचा उतार, तळाशी फाटा. डावीकडची वाट जांभळींच्या सावलीतून नाल्याकाठानं सपाट जायची. उजवीकडची फाट्यापासूनच टेकडीवर चढायची. उतारावर जो वेग मिळतो तो न मोडता उजवीकडे वळलं तरच चढ पार होतो.

गोविंदा फाट्यावर उतरला. पाय आपोआप खाली टेकले. मागून पायल सुसाट आली आणि त्याच्या बाजूनं चढावर निघून गेली. जाता जाता ओरडली, "काका, इथं थांबायचं नसतं! वेग गेला की संपलं!"

तो तिथंच हँडल धरून उभा राहिला. त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तो इथं थांबला नव्हता, म्हणून तर त्याचा भाऊ मेला होता.

इकडच्या जंगलात एक जुनी रीत आहे. वाट फुटते तिथं पुढं गेलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवतो. ज्या वाटेनं जायचं नाही, तिच्यावर पाल्यासकट ताजी डहाळी आडवी टाकायची. याला 'आड टाकणं' म्हणतात. गाडीवान टाकतात, मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया टाकतात. मागचा माणूस का म्हणून विचारत नाही, मुकाट दुसऱ्या वाटेला लागतो. आड पाहून कुणी हट्टानं पुढं गेल्याचं पळसटोल्यात कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी चैत्रात तलाव आटला होता आणि मासोळी भरपूर निघत होती. गोविंदा आणि त्याच्याहून सहा वर्षांनी लहान सोमाजी, दोघांच्या दोन सायकली, दोन टोपले. सोमाजीचं जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं, तो सोडवत मागं राहिला. "तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. गोविंदा निघाला. रस्त्यात झाडू नावाचा गुराखी भेटला. त्यानं सांगितलं, "नाल्याकडून नोका जाऊ भाऊ. वाघीन पिल्लं घेऊन बसली हाय. काल माही कालवड नेली."

"सोमाजी मांगून येऊन राह्यला," गोविंदा म्हणाला. "मी आड टाकतो फाट्यावर."

टोपल्यात चाळीस किलो वजन होतं. उतारावर सायकल सुटली. फाटा समोर आला तेव्हा गोविंदाच्या मनात स्पष्ट आलं, की उतरायचं, डहाळी तोडायची, टाकायची. आणि मग हे सगळं ओझं टेकडीच्या माथ्यापर्यंत ढकलत न्यायचं. ऊन चढत होतं. सोमाजी आपल्या चाकाची रेघ पाहील, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि वेग न मोडता चढाला लागला. माथ्यावर पोचल्यावर तो दम खायला थांबलाही होता. मागं पाहिलं, कुणी नव्हतं. तेव्हा दोनशे पावलं खाली चालत जाऊन डहाळी टाकता आली असती. तो गेला नाही. वडशाला मासोळी विकून, चहा पिऊन तो भावाची वाट पाहत बसला. दुपारी बातमी आली.

सोमाजी नेहमीच्या वाटेनं, म्हणजे नाल्याच्या वाटेनं गेला होता.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर सारं गाव जमलं असताना झाडूनं विचारलं, "आड टाकला होता ना भाऊ?"

"टाकला होता," गोविंदा म्हणाला.

दोन शब्द. लोक फाट्यावर पाहून आले होते. तिथं आड नव्हता, बकऱ्यांच्या लेंड्या मात्र होत्या. सोमाजीची बायको वच्छला त्या सकाळी आपल्या चार बकऱ्या तिकडंच चारून आली होती, हे तिनंच रडत रडत सांगितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बकऱ्यांनी आड खाल्ला. बाईच्या बकऱ्यांनी बाईचं कुंकू खाल्लं.

तेरवीला सांगू, असं गोविंदानं ठरवलं होतं. तेरवी गेली. मग पोळा झाला की सांगू म्हणाला. खोटं बोलायला घटका लागत नाही, पण ते मागं घ्यायला माणूस मुहूर्त शोधत बसतो, तसं त्याचं झालं. वच्छलेनं पुढच्याच बाजारात बकऱ्या विकल्या आणि पुन्हा दारात जनावर बांधलं नाही, साधं मांजरही नाही. तिची पोर रिंकू तेव्हा आठ वर्षांची होती. गोविंदानं दर पावसाळ्याआधी भावाच्या घराच्या छपरावरची कवेलू फेरली, जाळ्यातली पहिली मासोळी त्या घरी पोचवली, रिंकूला शिकवलं. लोक म्हणायचे, भासरा असावा तर असा. कुणी असं म्हटलं की त्याला जेवण जायचं नाही.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. इकडच्या घरांत भासऱ्यापुढं बाई उघड्या डोक्यानं येत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर लेकराला सांगायचं, भिंतीला सांगायचं, कुणीच नसलं तर अंगणातल्या कोंबडीला सांगायचं. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. गोविंदानंही कधी तिला नावानं हाक मारली नव्हती. ही रीत त्याच्या फार पथ्यावर पडली. अकरा वर्षं त्याला तिच्या डोळ्यांत पाहावं लागलं नाही.

एकदाच सगळं बाहेर यायची वेळ आली होती. रिंकू बारा वर्षांची असताना मायलेकींचं कशावरून तरी भांडण झालं आणि पोर अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं ओरडली, "तुह्याच बकऱ्यांनी खाल्ला माह्या बापाले!" कुडाच्या अलीकडं गोविंदा जाळं विणत बसला होता. त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. या गोष्टीची त्याला जितकी लाज होती तितकी वाघिणीच्या दिवसाचीही नव्हती.

तर वाट तपासून पायल आणि तो गावात परतले. दुपारचं जेवण तलावाच्या पाळीवर होतं. जानेवारीतल्या त्या रविवारी चाळीस जणांचा स्वयंपाक गावातल्या बायांनी करून वडशाला पोचवायचा होता, त्याची ही रंगीत तालीम. भात, झिंग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे. वाढायला वच्छला होती. वनरक्षकही आला होता, आणि आल्या आल्या त्यानं पायलनं वाटेवर खुणेसाठी आणलेल्या नारिंगी फिती बाजूला ठेवल्या.

"झाडाले प्लास्टिक नाई बांधता येनार मॅडम. अन् नाल्याच्या वाटेकडं एकबी सायकल जाऊ देऊ नका. या साली तेथी पुन्हा वाघाच्या पाऊलखुना हायेत."

"मग फाट्यावर लोकांना कळणार कसं?" पायल म्हणाली. "चाळीस जण मागं-पुढं असणार."

बिरजू वडा चावत म्हणाला, "आड टाका ना! फुकटचं काम." आणि त्यानं तिला सगळी रीत समजावून सांगितली. पायल तर खूशच झाली. असं काही तिनं कुठंच पाहिलं नव्हतं. ठरलं, की फिती नाहीत, सगळ्या फाट्यांवर आडच टाकायचे. नागभीडकडचे हेमराजनं, पळसटोल्यापुढचे दोन गोविंदानं.

"पण एखाद्या जनावरानं पाला खाल्ला तर?" तिनं विचारलं.

"खाते ना!" बिरजू म्हणाला. तोंडाला कुलूप नसलेला माणूस. "तेथी तं एका आडापाई मानूस गेला आमचा. बकऱ्यांनी खाल्ला आड अन्—" तेवढ्यात त्याला दिसलं की भाताची डेगची घेऊन वच्छला मागंच उभी आहे. त्यानं उरलेला वडा तोंडात कोंबला.

वच्छलेनं डेगची खाली ठेवली. पदर नीट केला. "हाव ताई," ती पायलला म्हणाली, "माह्याच बकऱ्या होत्या. मानूसबी माहाच."

गावानं हे हजारदा म्हटलेलं गोविंदानं ऐकलं होतं. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. ती हे असं म्हणाली, जसं कुणी आपलं नाव-गाव सांगावं. रडणं नाही, कुरकुर नाही.

वच्छलाच पुढं म्हणाली, "त्या दिशी मी बसीन त्या फाट्यावर. सकाऱ्यापासून शेवटची सायकल जाईपर्यंत. आडाले कोनी तोंड लावनार नाई, याची जिम्मेदारी माही."

"नाही हो, एकट्या कशाला? तिथं वाघ आहे म्हणतात ना—"

"माह्या चुकीनं एक गेला. पुन्हा कोनाची चूक नोको."

वनरक्षकानं नकाराची मान हलवली. बरंच बोलणं झालं. अखेर, आठाला झाडू गुराखी कुऱ्हाड घेऊन तिच्या सोबतीला येईल आणि त्याआधी तिनं जायचं नाही, या बोलीवर तिला होकार मिळाला. गोविंदा तोंड धुवायला म्हणून पाण्याशी गेला आणि लोक उठेपर्यंत तिथंच बसून राहिला. त्याची बायको गिरजा हाक मारत होती, ती त्याला ऐकू येत होती. उठून सगळ्यांपुढं बोलावं, एवढंच करायचं होतं. त्याच्यानं झालं नाही.

तो रविवार धुक्याचा उजाडला. तलाव दिसतच नव्हता, नुसता वाफेचा पडदा. गोविंदा कोयता घेऊन निघाला. गावालगतच्या पहिल्या फाट्यावर त्यानं आड टाकला आणि उतारावर आला, तेव्हा साडेसात वाजले होते. त्यानं ब्रेक दाबून धरले, ते कुरकुरले आणि सायकल तळाशी थांबली.

फाट्यावर एका दगडावर वच्छला बसली होती. एकटी. हातात काठी, अंगावर जुनी शाल. बोलीप्रमाणे आठाला यायचं होतं. ती उजाडतानाच आली होती. तिच्या डावीकडं नाल्याची वाट जांभळींखाली धुक्यात शिरत होती आणि तिची पाठ त्याच बाजूला होती.

त्याला पाहताच ती उठली, पदर पुढं ओढून बाजूला वळली. गोविंदानं ऐनाच्या झाडाची मोठी डहाळी तोडली, ओढत आणली आणि नाल्याच्या वाटेवर आडवी टाकली. वच्छला समोरच्या झाडाला म्हणाली, "जा म्हनाव आता. मी हाय इथी."

त्यानं सायकल झाडाला टेकवली.

"वच्छला," तो म्हणाला.

ती दचकली. तिनं खरंच इकडंतिकडं पाहिलं, दुसरं कुणी आलं की काय म्हणून. "कोनाले बोलून राह्यले?" तिनं झाडालाच विचारलं.

"तुलेच. तुह्या बकऱ्यांनी आड नाई खाल्ला."

"आता कायले समजावता? अकरा वर्स झाले. म्याच चारल्या होत्या इथी."

"चारल्या असतीन. पन आड नोताच इथी. म्या टाकलाच नोता."

कुठंतरी रानकोंबडा ओरडला. वच्छलेनं विचारलं, "कापला तरी होता?"

"नाई."

"उतरले तरी होते सायकलीवरून?"

"नाई. चढ हाय ना पुढं. उतरलो असतो तं ओझं ढकलत न्या लागलं असतं." हे वाक्य अकरा वर्षं त्याच्या पोटात होतं, आणि तिथं ते फार मोठं होतं. बाहेर पडल्यावर केवढंसं झालं.

"येवढ्यासाठी?"

"हाव. येवढ्यासाठी."

ती वळली. डोक्यावरचा पदर मागं पडला होता, तो तिनं सावरला नाही. तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं. लग्न होऊन आली त्याला एकवीस वर्षं झाली, आणि तिचे डोळे कसे आहेत हे गोविंदाला आज कळत होतं. तिनं काठी उचलून डोक्यात घालावी असं त्याला वाटलं, मनापासून वाटलं. पण ती शांतपणे बोलत होती, जणू मनातल्या मनात काही हुडकत होती.

"चार होत्या. एक गाभन होती. इकून टाकली तरी मांगं मांगं आली होती बाजाराच्या फाटकापर्यंत. मी गोटा मारला तिले." तिनं काठी दगडाला टेकवली. "रोज सांजेले मी त्याइच्या फोटोपुढं माफी मांगत होती. येकबी दिस चुकला नाई."

गोविंदा खाली बसला. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. "मले कोनतीबी शिक्षा दे," तो म्हणाला.

"रिंकूले फोन लावा."

"तिले मी घरी येईन तवा—"

"आताच लावा. माह्यासमोर."

रिंकू आता एकोणीस वर्षांची होती, गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. त्या चढाच्या पायथ्याशी मोबाइलला जेमतेम नेटवर्क यायचं. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा लागला, आणि वच्छलेनं स्पीकर चालू करायला लावला. गोविंदानं सांगितलं. कारण सांगितलं नाही, बहाणा केला नाही, त्या दिवशी जे झालं तेवढं ओळीनं सांगितलं. पलीकडं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"मोठेबाबा," रिंकू म्हणाली, "मी येकदा आईले काही म्हटलं होतं. मोठ्यानं. तुमी आयकलं होतं का?"

"आयकलं होतं."

"अन् तवाबी तुमी बोलले नाई?"

"नाई."

"फोन आईले द्या."

वच्छलेनं फोन घेतला. पोर हमसून हमसून रडत होती, शब्द फुटत नव्हता, नुसतं "आई, आई" चाललं होतं. वच्छला ऐकत राहिली. गोविंदाला अकरा वर्षांत कुणी देऊ शकलं नसतं अशी माफी ती आपल्या पोरीला देत होती, आणि तिचा आवाज इतका मऊ त्यानं कधी ऐकला नव्हता. "नोको रडू बाई," ती म्हणाली. "तू तं लहान होती. तुले जे सांगतलं तेच तू म्हटलं. चहा घेतला का? घे पयले."

उतारावरून मुरूम करकरण्याचा आवाज आला. पहिल्या पाच-सहा सायकली धुक्यातून बाहेर पडल्या, सगळ्यांत पुढं पायल. डहाळी पाहताच सगळी चाकं उजवीकडे वळली आणि वेग न मोडता चढाला लागली. "थँक यू काकू!" पायल वरून ओरडली. तिला कशाचा पत्ता नव्हता, आणि ते बरंच होतं. पाठोपाठ झाडू कुऱ्हाड खांद्यावर टाकून येताना दिसला.

वच्छलेनं फोन गोविंदाच्या हातात दिला. शाल झटकून खांद्यावर घेतली.

"वच्छला," तो म्हणाला, "गावाले आज सांजेले मी सोता सांगतो. पाळीवर, साऱ्याइच्या पुढं."

"नोका सांगू," ती म्हणाली. "गावाले मी सांगीन. तुमी सांगतलं तं खरं सांगतलं का नाई, हे मले पुन्हा कोनाले तरी विचारा लागन."

ती झाडूच्या बाजूनं उतार चढून गावाकडं निघाली. झाडूनं विचारलं, "काऊन गा भाऊ, बाई चालली कुठी?" आणखी सायकली येत होत्या. गोविंदा सरकत सरकत जाऊन त्या दगडावर बसला.